शिल्लक १ डॉलर ३९ सेंट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत बेसबॉलच्या पहिल्या व्यावसायिक संघावर आलेला लेख वाचला. सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज १८६९ च्या हंगामात एकही सामना हरले नाहीत, जॉर्ज राइट हा त्या काळातला अव्वल शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) होता, हे सगळे बरोबर आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एवढ्या लांबलचक लेखात जॉर्जच्या थोरल्या भावाच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे : संघाचे व्यवस्थापन हॅरी राइट पाहत असे. पाहत असे! मी नोकरीत असताना दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि सुट्टीच्या दिवशी एका क्रिकेट क्लबाचा चिटणीस व गुणलेखक म्हणून राबलो. त्यामुळे ‘पाहत असे’ या दोन शब्दांखाली किती काम गाडले जाते ते मला चांगले ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल.

ती अपराजित मालिका हॅरी राइटच्या खात्यावरची सर्वांत मोठी रक्कम आहे असे मला वाटत नाही. त्याची वही आणि जून १८७० मध्ये त्याने घेतलेला एक निर्णय, या दोन गोष्टी मी तिच्याही वर ठेवतो. त्या निर्णयाने तीच मालिका तुटली.

हॅरी मुळात क्रिकेटवाला. जन्म १० जानेवारी १८३५ चा, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा. वडील सॅम्युअल क्रिकेटवर पोट भरणारे. हॅरी अगदी लहान असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि वडील तिथल्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबाचे व्यावसायिक खेळाडू झाले. म्हणजे काय, तर सभासदांना गोलंदाजी टाकायची, त्यांना शिकवायचे आणि वर मैदानही राखायचे. याच क्लबाच्या मैदानावर १८४४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांचा सामना झाला. दोन देशांमधला पहिला क्रिकेट सामना म्हणून त्याची नोंद आहे. मेलबर्नची पहिली कसोटी त्यानंतर तेहतीस वर्षांनी आली. आपल्याकडच्या क्रिकेटपंडितांना हे सांगितले की ते आधी हसतात आणि मग हळूच फोनवर शोधतात.

चौदाव्या वर्षी हॅरीची शाळा सुटली. टिफनीच्या दागिन्यांच्या पेढीत तो काम शिकला आणि बाकीचा वेळ वडिलांच्या हाताखाली क्लबात. जॉर्ज त्याच्याहून बारा वर्षांनी धाकटा. पुढे क्लबाचे मैदान हडसन नदीपलीकडे होबोकेनच्या एलिशियन फील्ड्सवर गेले. त्याच हिरवळीवर शेजारी निकरबॉकर क्लबाची सभ्य मंडळी बेसबॉल खेळत. कोणी व्यापारी, कोणी बँकेतला कारकून. खेळ संपला की जेवणावळ. पगारी क्रिकेटपटू असलेला हॅरी १८५८ च्या सुमारास त्यांच्यातही खेळू लागला. ही दोन्ही मैदाने जवळून पाहणारा आणखी एक इंग्रज तिथे होता, हेन्री चॅडविक. तो क्रिकेटच्या बातम्या देत असे. पुढे त्याने बेसबॉलच्या गुणफलकाची जी रीत बसवली तिच्यात क्रिकेटच्या धावफलकाची छाया स्पष्ट दिसते. चॅडविकचे नाव लक्षात ठेवा, तो ऐन मोक्याच्या क्षणी पुन्हा येणार आहे.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपले आणि सिनसिनाटीच्या युनियन क्रिकेट क्लबाने हॅरीला वर्षाला १२०० डॉलरवर बोलावून घेतले. क्रिकेट शिकवायला, हे पुन्हा सांगतो. पण त्या गावातली तरुण मंडळी बेसबॉलच्या मागे लागली होती. दुपारचे जेवण करून मैदानात उतरावे आणि दिवेलागणीच्या आत निकाल घेऊन घरी जावे असा तो खेळ. तीन दिवस चालणाऱ्या खेळाचे अशा ठिकाणी काय व्हायचे ते झाले. १८६७ मध्ये तेवढ्याच पगारावर हॅरी त्याच मैदानावरच्या बेसबॉल क्लबाकडे आला. वारा पाहून पाठ फिरवली असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. क्रिकेट त्याने आयुष्यभर सोडले नाही, आणि बेसबॉलमध्ये त्याने जे आणले त्यातले बरेचसे क्रिकेटच्या सरावातूनच आले. सामन्याआधी नेमाने सराव करायचा. समोर कोण फलंदाज आहे ते पाहून क्षेत्ररक्षक हलवायचे. एकाने चेंडू अडवायला धाव घेतली की दुसऱ्याने त्याच्या मागे उभे राहायचे. आज शाळेतल्या पोरालाही हे येते. तेव्हा बहुतेक संघांत जो तो आपापल्या जागी खांबासारखा उभा असे.

आता पैशाकडे येतो, कारण लेखात पैसा जवळजवळ नाहीच.

१८६९ पूर्वी खेळाडूंना पैसे मिळत नव्हते असे नाही. बेसबॉल क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमात पगाराला बंदी होती, म्हणून पैसे टेबलाखालून जात. चांगल्या खेळाडूला एखाद्या दुकानात किंवा सरकारी कचेरीत नावापुरती नोकरी द्यायची आणि त्याने दिवसभर मैदानात घाम गाळायचा. खुद्द जॉर्ज राइट १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल्सकडून खेळला तेव्हा कागदोपत्री तो सरकारी कारकून होता. त्याच्या कामाच्या जागेचा म्हणून जो पत्ता दिला होता तिथे सार्वजनिक बाग निघाली, असे सांगतात. मी अशा नोंदी तपासण्यात उमर घालवली आहे, त्यामुळे ही गोष्ट वाचून मला हसू आले नाही.

१८६९ च्या हंगामासाठी संघटनेने बंदी उठवली. हॅरी आणि क्लबाचा अध्यक्ष ॲरन चॅम्पियन यांनी लगेच पगारपत्रक उघड्यावर मांडले. दहा माणसे, मुदत १५ मार्च ते १५ नोव्हेंबर. जॉर्जला १४०० डॉलर, स्वतः हॅरीला १२००. पिचर (चेंडू टाकणारा) एसा ब्रेनर्डला ११००, तिसऱ्या बेसवरच्या (बेस म्हणजे धाव पुरी करताना गाठायचा टप्पा) फ्रेड वॉटरमनला १०००. चार्ली गूल्ड, चार्ली स्वीझी, डग ॲलिसन, अँडी लेनर्ड आणि कॅल मॅकव्हे या पाच जणांना प्रत्येकी ८००. राखीव डिक हर्लीला ६००. मी बेरीज करून पाहिली, ९३०० येते. छापील आकडाही तोच आहे. यात सिनसिनाटीचा म्हणावा असा एकटा गूल्ड. बाकीचे बाहेरून आणलेले, त्यातले बहुतेक पूर्वेकडचे. त्यांचे मूळ धंदे पाहा : हॅरी सोनारकाम शिकलेला, जॉर्ज नक्षी कोरणारा, स्वीझी आणि लेनर्ड टोप्या बनवणारे, ॲलिसन संगमरवर कापणारा, मॅकव्हे पियानो बनवणारा, गूल्ड हिशेबनीस. हात वापरणारी माणसे. आता त्यांच्या हातांचा भाव उघड ठरला, करार झाला, वहीत नाव लागले.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण लेखात तीही नाही. त्याच संघटनेने १८६७ च्या डिसेंबरात कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना दार बंद केले होते. पैशाचा व्यवहार उघड झाला तो गोऱ्यांपुरता.

मे अखेरीस संघ पूर्वेकडच्या दौऱ्यावर निघाला. १५ जूनला ब्रुकलिनमध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स संघावर ४-२ अशी मात केली. ज्या काळात पन्नास-पन्नास धावा निघत त्या काळात ४-२ म्हणजे लोकांनी बोटे तोंडात घातली. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची भेट झाली. सप्टेंबरात तर थेट सॅन फ्रान्सिस्को. देश ओलांडणारा रेल्वेमार्ग १० मे रोजी जोडला गेला होता. रूळ पुरते निवले नव्हते तोच हॅरीने खेळाडूंना त्यावर बसवले. हंगामभरात सुमारे १२००० मैल प्रवास झाला. तिकिटे कोणी काढली, खानावळी कोणी ठरवल्या, समोरच्या क्लबाशी दाराच्या पैशांची वाटणी कोणी ठरवली, बॅटी आणि चेंडू कोणी मोजून घेतले? संघाचा कर्णधार हॅरी, मध्यक्षेत्रात उभा राहणारा हॅरी, आणि ब्रेनर्डच्या वेगाला फलंदाज सरावले की पुढे येऊन संथ चेंडू टाकणाराही हॅरीच. तेव्हा सामन्याच्या मध्येच ताजा खेळाडू आणायची मुभा नव्हती. बदली पिचर मैदानातच कुठेतरी उभा असावा लागे. त्याने ती जागा स्वतःकडे ठेवली. मनासारखा चेंडू मारता येत नाही म्हणून चिडलेले फलंदाज त्याच्या त्या मऊ चेंडूवर झेल देऊन परत जात.

हंगाम संपला. ५७ सामने, ५७ विजय, आणि ट्रॉयच्या हेमेकर्सशी १७-१७ वर अडकलेला एक वादग्रस्त सामना. एका झेलावरून भांडण काढून ट्रॉयवाले मैदान सोडून निघून गेले आणि पंचाने सामना सिनसिनाटीला दिला. त्यामागे सट्टेवाल्यांचे पैसे होते अशी तेव्हाच बोलवा होती. आता क्लबाचा ताळेबंद पाहा. जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट. खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक १ डॉलर ३९ सेंट.

या आकड्याला लोक हसतात. अख्खा देश जिंकून हातात दीड डॉलरही नाही! मला मात्र हा आकडा त्या ५७ विजयांपेक्षा जास्त आवडतो. पहिल्यांदाच उघडपणे सगळ्यांना पगार दिला, अर्धा खंड ओलांडला, कोणाचे पैसे बुडवले नाहीत आणि वही जुळली. ज्याने कधी क्लबाची वार्षिक सभा काढली आहे त्याला विचारा, जुळलेली वही म्हणजे काय ते.

आणि आता १४ जून १८७०. ब्रुकलिनचे कॅपिटोलाइन मैदान, समोर तिथलाच अटलांटिक्स संघ, दाराशी ५० सेंट. आत इतकी माणसे की त्यांचा नेमका आकडा कोणालाच लावता आला नाही. मागच्या वर्षापासूनची मालिका अजून अखंड होती. नऊ डाव संपले तेव्हा दोघांच्याही ५-५ धावा झाल्या होत्या.

अटलांटिक्सचे खेळाडू खूश. अजिंक्य संघाला बरोबरीत रोखले म्हणून ते सामान आवरू लागले, लोक मैदानात घुसू लागले. दोन्ही कर्णधारांची संमती असली तर सामना अनिर्णित ठेवायची सोय नियमात होती. हॅरीने मान हलवली असती तर मालिका शाबूत राहिली असती आणि कोणी त्याला नावही ठेवले नसते. तो म्हणाला, खेळायचे. अटलांटिक्सवाले वाद घालू लागले तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या चॅडविककडे विचारणा झाली. नियमपुस्तक ज्याच्या डोक्यात होते असा तोच एक माणूस. त्याने सांगितले, हॅरीचे बरोबर आहे, बरोबरी सुटेपर्यंत डाव वाढवायचे. लोकांना मागे सारून खेळ पुन्हा सुरू झाला.

दहाव्या डावात अटलांटिक्सचे दोन धावपटू बेसवर असताना एक सोपा झेल जॉर्जकडे उंच आला. त्याने तो मुद्दाम खाली पडू दिला, उचलला आणि दोघांना बाद करून टाकले. आज नियमाने ही चलाखी बंद आहे. ती बंद करावी लागली ती अशाच हुशार शॉर्टस्टॉपांमुळे. अकराव्यात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या, ७-५. संपल्यात जमा. मग अटलांटिक्सचा चार्ली स्मिथ फटका मारून बेसवर पोचला आणि एका भरकटलेल्या चेंडूवर तिसऱ्या बेसपर्यंत गेला. जो स्टार्टने उजवीकडे लांब फटका मारला, चेंडू गर्दीत शिरला आणि मॅकव्हेला तो वेळेवर काढता आला नाही. काही वृत्तान्तांत एक प्रेक्षक त्याच्या पाठीवर चढला असेही आहे, पण मला ते मीठमसाला लावल्यासारखे वाटते. ७-६. मग फलंदाजीला आला त्यांचा कर्णधार बॉब फर्ग्युसन. हा एरवी उजव्या हाताने खेळणारा. पण चेंडू जॉर्जकडे जाऊ नये म्हणून त्या दिवशी तो चक्क डावरा उभा राहिला आणि फटका मारून बरोबरी साधली. मग अटलांटिक्सच्याच झेटलिनने मारलेला चेंडू गूल्डकडे गेला, हातातून निसटला. घाईघाईने दुसऱ्या बेसकडे फेकला तो लांब गेला, आणि फर्ग्युसनने शेवटचा टप्पा गाठून धाव पुरी केली. ८-७.

गूल्ड, सिनसिनाटीचा तो एकुलता एक गाववाला. नशीबही कोणाची निवड करते पाहा.

चॅम्पियनने रात्री घरी तार केली. त्यात निकाल होता आणि हरलो तरी मान खाली घालण्यासारखे काही झाले नाही अशा आशयाचा मजकूर होता. हॅरीने दुसऱ्या दिवशी पुढचा सामना खेळायला संघ नेला. पण गावाचे प्रेम त्या पराभवापासून आटू लागले. आणखी काही सामने गेले, गर्दी घटली, खेळाडूंच्या पगाराच्या अपेक्षा वाढल्या. नोव्हेंबर १८७० मध्ये क्लबाने जाहीर केले की पुढच्या वर्षी पगारी संघ ठेवायचा नाही. सुमारे दीड वर्षापूर्वी ज्यांच्या स्वागताला रस्ते भरले होते त्यांना निरोपाचे पत्रक मिळाले. क्लब चालवणाऱ्यांना मी दोष देत नाही. तोट्याच्या वहीवर सही कोण करणार? पण बरोबरी घेऊन मालिका राखली असती तर आणखी एखादे वर्ष तिकिटे खपली असती, हे हॅरीला तेव्हा मैदानात उभे असतानाच कळत नसेल असे मला वाटत नाही. पैशापैशाचा हिशेब ठेवणारा माणूस तो. प्रेक्षकांनी ५० सेंट दिले होते ते निकाल पाहण्यासाठी, हे त्याने त्या गणितात धरले होते.

बोस्टनला गेल्यावर त्याने जे केले ते पुरवणीतल्या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे, म्हणून भराभर सांगतो. आयव्हर्स अॅडम्स नावाच्या उद्योजकाने १८७१ मध्ये संघ उभारायला त्याला बोलावले. त्याने जॉर्ज, गूल्ड आणि मॅकव्हेला बरोबर नेले, लाल मोज्यांसकट संघाचे नावही नेले. (झेटलिनचा चेंडू सोडणाऱ्या गूल्डलाही नेले, हे मुद्दाम लिहितो.) रॉकफर्डहून अल स्पॉल्डिंग आणि रॉस बार्न्स आले. पहिल्या वर्षी जॉर्ज जायबंदी झाला आणि विजेतेपद फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक्सने नेले. त्यानंतर १८७२ ते १८७५ सलग चार वर्षे बोस्टन. १८७५ मध्ये ७१ विजय, ८ पराभव. इतके एकतर्फी की इतर गावांत सामने पाहायला माणसे येईनात. पुढे शिकागोच्या विल्यम हलबर्टने स्पॉल्डिंगसह चार मोहरे एकदम पळवले आणि १८७६ मध्ये नॅशनल लीग काढली. हॅरीने वर्षभर मार खाल्ला, संघ पुन्हा बांधला आणि १८७७ व १८७८ ची विजेतेपदे घेतली. सहा झाली.

मधल्या १८७४ च्या उन्हाळ्यात बोस्टन आणि ॲथलेटिक्स हे दोन्ही संघ घेऊन तो इंग्लंडला गेला. इंग्रजांना बेसबॉल दाखवायचा हा बेत. यजमानांची अट अशी की क्रिकेटही खेळा. लॉर्ड्सवर एमसीसीशी सामना झाला, हॅरीच्या जन्मगावी शेफिल्डलाही खेळ झाला. अमेरिकन क्रिकेटमध्ये एकही सामना हरले नाहीत! अर्थात त्यांचे अठरा आणि समोर अकरा-बारा, त्यामुळे फार फुशारकी नको. त्यातल्या बहुतेकांना क्रिकेटची बॅट कशी धरायची तेही धड येत नव्हते. राइट बंधूंनी गोलंदाजीचा भार वाहिला आणि बाकीच्यांनी दिसेल तो चेंडू उचलून मारला. बेसबॉलकडे इंग्रजांनी सौजन्याने पाहिले आणि विसरून गेले. दौऱ्यात तोटा आला. माझ्या मते तो हॅरीच्या वहीतला सर्वांत भावनेच्या भरात केलेला खर्च.

त्याची पत्रे आणि टाचणे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपलेली आहेत. त्यांतला माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो. सामन्यांच्या तारखा जुळवणारी पत्रे, पावसाने सामना बुडाला तर पैशांचे काय यावर घासाघीस. खेळाडूंनी वेळेवर झोपावे, दारूपासून लांब राहावे असा तगादा. बेसबॉल आता धंदा झाला आहे आणि मला तो चालेल असा लावायचा आहे, असे त्याने एका सहकाऱ्याला साफ लिहिले होते. रविवारी खेळायचे नाही, यावर तो ठाम होता. प्रवेश ५० सेंटच हवा, यावरही ठाम. १८८२ मध्ये निघालेल्या प्रतिस्पर्धी अमेरिकन असोसिएशनने २५ सेंट, बिअर आणि रविवार असे तिन्ही दिले आणि गर्दी खेचली. इथे माझे हॅरीशी जमत नाही. स्वस्त तिकिटावर येणारा गिरणीकामगार खेळ बिघडवतो असे मानणारा वर्ग सगळीकडे असतो, आणि त्या वर्गात तो जाऊन बसला होता.

त्याहून खटकणारी गोष्ट १८७९ ची. त्या वर्षी जॉर्ज बोस्टन सोडून प्रॉव्हिडन्सचा व्यवस्थापक झाला आणि त्याने थोरल्या भावाला दुसऱ्या क्रमांकावर ढकलून विजेतेपद नेले. घरात काय बोलणे झाले असेल कोण जाणे. पण त्याच हंगामाच्या अखेरीस क्लबमालकांनी ठराव केला की प्रत्येक क्लबाने पाच खेळाडू ‘राखून’ ठेवावेत, म्हणजे त्यांना दुसरीकडे जाता येणार नाही. प्रॉव्हिडन्सने जॉर्जला राखले. जॉर्जने जवळजवळ खेळणेच सोडले आणि आपल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात लक्ष घातले. ज्या हॅरीने दहा वर्षांपूर्वी खेळाडूचा भाव उजेडात आणला होता तो या ठरावाविरुद्ध उभा राहिलेला दिसत नाही. तो मालकांचा नोकर होता हे खरे. तरीही.

उरलेली वर्षे जड गेली. १८८२-८३ प्रॉव्हिडन्स, मग १८८४ पासून फिलाडेल्फिया. ज्या संघाकडे तो गेला त्याने आदल्या वर्षी १७ सामने जिंकले होते आणि ८१ हरले होते. तीन-चार वर्षांत त्याने तो दुसऱ्या क्रमांकावर आणला. १८८८ चा हंगाम सुरू होतानाच त्याचा सर्वोत्तम पिचर चार्ली फर्ग्युसन विषमज्वराने गेला, वय अवघे पंचवीस. १८९० मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध स्वतःची लीग काढली आणि त्याच उन्हाळ्यात हॅरीची दृष्टी गेली. डोळ्यांमुळे तो बरेच आठवडे संघापासून लांब राहिला. त्या काळात इतरांनी संघ सांभाळला. नजर थोडी परतल्यावर तो पुन्हा बाकावर येऊन बसला. खेळाडूंवर ओरडणे त्याला आधीही जमत नसे. दाढी, काळा कोट, उंच टोपी. डेलाहँटी, हॅमिल्टन, थॉम्पसन असे जबर फलंदाज हाताशी असून विजेतेपद आले नाही, आणि १८९३ अखेर मालकांनी त्याचा करार वाढवला नाही. २३ हंगामांत १२२५ विजय, ८८५ पराभव, असा त्याचा खातेउतारा आहे.

लीगने त्याच्यासाठी मुख्य पंच असे नवे पद काढले. काम किती आणि मान किती हे विचारू नये. अशी पदे आपणही निवृत्त माणसांसाठी काढतो. पण आयुष्यभर पंचाशी हुज्जत न घातलेल्या माणसाला ते शोभले. ३ ऑक्टोबर १८९५ रोजी अटलांटिक सिटीत फुप्फुसाच्या आजाराने तो गेला. पुढच्या वर्षी १३ एप्रिलला लीगभर ‘हॅरी राइट दिन’ पाळून ठिकठिकाणी सामने खेळले गेले आणि त्यांचे उत्पन्न स्मारकासाठी दिले गेले. फिलाडेल्फियाजवळच्या वेस्ट लॉरेल हिल दफनभूमीत त्याचा पुतळा उभा आहे. तिकीट लावून सामने भरवायचे आणि त्यातून खर्च भागवायचा, ही त्याचीच रीत त्याच्या पुतळ्यालाही लागू झाली.

राहता राहिला कूपर्सटाउनचा हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या थोरांचे दालन. जॉर्जची निवड झाली १९३७ मध्ये, चॅडविकची १९३८ मध्ये. हॅरीची १९५३ मध्ये. खेळणाऱ्याला आधी, लिहिणाऱ्याला मग आणि वही ठेवणाऱ्याला सगळ्यांत शेवटी. निवड समित्या कशा चालतात हे क्लबाच्या जुन्या चिटणिसाला कोणी समजावून सांगायला नको.

कळावे,
आपला नियमित वाचक
(निवृत्त हिशेब तपासनीस)